डोंगरात वाट दाखवायला फोन की हँडहेल्ड?

पावसाळा तोंडावर आलाय, क्लबात यंदा नवीन मुलं-मुली बऱ्याच आल्यात, आणि दरवर्षी या सुमाराला मला एकच प्रश्न येतो, की दादा, फोनमध्ये जीपीएस आहे ना, मग ते वेगळं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं नुसतं वाट दाखवणारं जीपीएस यंत्र, कशाला घ्यायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज त्यावरच बोलतो, मध्ये काही विचारायचं असेल तर लगेच हात वर करा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद पडतं असं अजून खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. उपग्रह वर 20,200 किलोमीटरवर आहेत, ते नुसता सिग्नल सोडतात आणि फोन तो ऐकतो, चार उपग्रह ऐकू आले की जागा मिळाली, यात मोबाईलच्या टॉवरचा काही संबंध नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि सुरुवात लवकर व्हायला. कारण उपग्रह स्वतः कुठे आहे ते सांगतो सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने, ती माहिती नीट यायला अर्धा मिनिट तरी आकाश मोकळं लागतं, आणि फोन तीच माहिती नेटवरून पटकन घेतो. म्हणून पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच, एकदा लोकेशन पकडून घ्या आणि मग चढायला लागा.

गाडीच्या बाबतीत हा प्रश्न कधीच निकालात निघाला. 2009 च्या ऑक्टोबरात गूगलने अमेरिकेत फोनवर फुकट नेव्हिगेशन आणलं आणि काचेला चिकटवायच्या त्या यंत्रांचे दिवस फिरले. बरोबरच झालं, गाडीत चार्जर असतो, छप्पर असतं, चुकलात तर पुढच्या चौकात वळता येतं. डोंगरात यातलं काहीच नसतं.

तोरणा-राजगड माहीत आहे सगळ्यांना. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरायचं, धारेने चालायचं, मध्ये डांबरी रस्ता ओलांडायचा आणि राजगडाच्या संजीवनी माचीकडे चढायचं. जुलै महिना होता, आम्ही नऊ जण, धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. एका ठिकाणी धार सोडून एक ढोरवाट खाली जाते, चांगली मळलेली, खऱ्या वाटेपेक्षा मोठी दिसते, आणि आम्ही तिला लागलो. वीसेक मिनिटांनी मला शंका आली म्हणून फोन काढला. काचेवर पाऊस पडतोय, प्रत्येक थेंब म्हणजे त्या फोनला बोटच, नकाशा आपोआप मोठा होतोय, लहान होतोय, सरकत सरकत पार अरबी समुद्रात गेला. पुसायला अंगावर कोरडं काही नाही. एकीने छत्री धरली, मी बनियनच्या आतल्या बाजूने काच पुसली, तेवढ्यात 9 टक्के दिसले आणि फोन बंद झाला, कारण सकाळपासून त्याच फोनवर मी फोटो काढले होते, दोन व्हिडिओ घेतले होते, आणि बिचारा दिवसभर रेंज शोधत बसला होता. शेवटी एकाच्या सॅकच्या पट्ट्याला हँडहेल्ड लटकवलेलं होतं, ईट्रेक्स नावाचं जुनं मॉडेल, ओल्या बोटांनी बटण दाबलं तर ट्रॅक, म्हणजे आधीच भरून ठेवलेली वाटेची रेघ, समोर. धार आमच्या डावीकडे वर होती आणि आम्ही तिच्यापासून लांब लांब चाललो होतो. परत चढलो. बरोबर दोन शाळकरी मुलं होती, त्यांच्या आयांना मी शब्द देऊन आलो होतो. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी मला जे कळलं ते एवढंच, की फोनचं जीपीएस वाईट नव्हतं, त्याची बॅटरी बाकीच्या दहा कामांत वाटली गेली होती. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, वाटेची बॅटरी वेगळी ठेवा. तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी यंत्र असं पाहिजे की ज्याला वाट दाखवण्याशिवाय दुसरं काम नाही.

ते हँडहेल्ड असेल तर उत्तमच. दोन पेन्सिल सेलवर ईट्रेक्स 25 तासांच्या आसपास चालतं, आणि पेन्सिल सेल तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्याच्या दुकानात पण मिळतो. बटणं आहेत, पाण्याची भीती नाही, आणि स्क्रीन अशी की जितकं ऊन जास्त तितकी स्वच्छ दिसते. पण घेताना बघून घ्या, हल्ली काही मॉडेलमध्ये आतलीच चार्जिंगची बॅटरी येते, मग हा सेल बदलायचा फायदा गेला. आणि एक नीट ऐका, उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं परदेशातून कोणी आणून देतो म्हणालं तर घेऊ नका, आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे. नुसतं जीपीएस चालतं, त्याला काही अडचण नाही.

पण सगळ्यांना एवढा खर्च जमणार नाही, कॉलेजच्या पोरांना तर नाहीच. त्यांनी घरात पडलेला जुना फोन काढावा. सिम काढा, बाकीची ॲप उडवा, ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशाचा ऑफलाइन भाग भरा, जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे वाटेची फाईल, टाका, एअरप्लेन मोडवर ठेवा, लोकेशन तेवढं चालू आहे ना ते बघा. झिपच्या पिशवीत घालून सॅकच्या वरच्या खिशात ठेवा आणि त्यावर एकही फोटो काढू नका. आधी घराजवळच्या टेकडीवर नेऊन बघा किती तास टिकतो. पॉवर बँक न्याच, पण भिजलेल्या पोर्टमध्ये चार्जिंग होत नाही हे लक्षात असू द्या.

आता उंचीचं सांगतो, कारण इथे फोन खरंच फसवतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून, आणि नकाशावरची उंची असते समुद्रसपाटीपासून. आपल्या बाजूला समुद्राची पातळी त्या आकाराच्या साठेक मीटर खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हा फरक शंभराच्या वर जातो. हँडहेल्ड हा हिशोब स्वतः करतं, फोनची काही ॲप करतात आणि काही करत नाहीत. न करणारं ॲप कळसूबाईवर 1646 च्या जागी 1580 च्या आसपास दाखवेल. कोणी सांगितलं की 1000 मीटरवर पदरात, म्हणजे कड्याखालच्या सपाटीत, आडवी वाट फुटते, तर तुम्ही ती ओलांडून साठ मीटर वर जाल आणि कड्याखाली वाट शोधत बसाल.

आणि काही जागी दोन्ही हरतात. सांदण दरीत दोन्ही बाजूंना भिंती, वर आकाशाची फट, सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि यंत्र तुम्हाला दगडाच्या आत दाखवतं. तिथे जवळच्या साम्रद गावचा माणूस बरोबर घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.

चला, आता बाहेर मैदानात. मी तीन हँडहेल्ड आणि दोन जुने फोन आणलेत, पाचही बंद आहेत. एकदम चालू करू, कोणाला जागा आधी मिळते आणि कोण उंची किती सांगतं ते प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहून घ्या.