लाईट गेल्यावरचा अर्धा तास

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलूपासून थोडं आत. तिथं शुक्रवारची रात्र टीव्हीवरच्या सीआयडी या गुन्हे-तपासाच्या मालिकेची असायची. भारनियमनाचे दिवस होते. बारा-बारा तास लाईट नसायची, आणि ती जायची वेळ अशी नेमकी, की खून झालेला, एसीपी प्रद्युम्न बंगल्यात शिरलेले, डॉक्टर साळुंखेंनी रिपोर्ट हातात घेतलेला, आणि टीव्ही बंद. पुढचं काहीच कळायचं नाही. मग सगळे माळवदावर चढायचे. खाली उकडायचं, वर वारं असायचं. अंगावर चादर ओढून आम्ही पोरं ऐकत पडायचो आणि मोठी माणसं खुनी शोधायची.

खुनी कोण, यावर फार वेळ जात नसे. भांडण व्हायचं ते 'कशापायी' यावर. आमचे अण्णा प्रत्येक खून जमिनीवर नेऊन घालायचे. मुंबईतला बंगला असला तरी त्यांना त्यामागं कुठंतरी बांध दिसायचा. आईचा प्रश्न ठरलेला, "त्याची माय जिती हाय का?" माय असली तर तिला काय वाटत असेल, यातच ती अडकून पडायची.

एका रात्रीची गोष्ट मला आजही शब्दाशब्दानं आठवते. त्या भागात शेठजीचा खून झालेला होता. शेजारचे एक बापू म्हणाले, "कामवालीच असंल. त्या लोकांचं काय खरं असतंय?" दोघातिघांनी माना हलवल्या. तेव्हा शेजारची धाकटी सून, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, मोठ्यांसमोर कधी न बोलणारी, जिन्याच्या तोंडाशी बसली होती. ती म्हणाली, "मला बी कामवालीच वाटायलीय."

आई म्हणाली, "का गं?"

"घरातल्या सगळ्याची नावं कळाली. ड्रायव्हरचं सुदिक कळालं. तिला मात्र इतक्या वेळात कुणी नावानं हाकच मारली न्हाई."

माळवदावर कुणी काही बोललं नाही. तिच्या सासूबाई उठून खाली गेल्या.

खुनी निघाला पुतण्या. सेलूला लाईट होती, तिथल्या पाहुण्यांकडून दुसऱ्या दिवशी समजलं. म्हणजे बापू चुकले आणि वहिनीही चुकली. दोघांनी बोट एकाच बाईकडं दाखवलं होतं. पण बापूंनी त्या बाईकडं बघितलंच नव्हतं. ती कोणत्या घरची, कोणत्या कामाची, एवढ्यावर त्यांचं भागलं. वहिनीनं मात्र पडद्यावरचा अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघितला होता आणि तिथंच तिला कारण सापडलं होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि आज माईकसमोर बसले ती एवढ्यासाठीच.

'ते लोकच तसले' हे कारण नव्हे, श्रोतेहो. आपल्या मुलखाला तर हे कुणी सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्यानं पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडं वळणारी नजर मी माझ्या गावात त्यानंतर पन्नास वर्षांनीही बघितली आहे. मालिका बघताना जी सवय लागते, ती टीव्ही बंद केल्यावर बंद होत नाही.

कोर्टाचा हिशेब वेगळा असतो. घटना डोळ्यांनी बघणारा भरवशाचा साक्षीदार असला, तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला अडत नाही. नुसता परिस्थितीजन्य पुरावा असला की हेतूला वजन येतं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांतला एक मुद्दा मी माझ्या शाळेतल्या मुलांना नेहमी सांगते. 'गुन्हा केला असू शकतो' आणि 'केला असलाच पाहिजे' यांत फार अंतर आहे. माळवदावरच्या आमच्या सगळ्या गप्पा 'असू शकतो'च्या होत्या, आणि त्या तशाच राहिल्या तर त्यांच्यात काहीच वावगं नाही. उलट त्या व्हाव्यात.

आता अलीकडचं. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८ साली थांबली आणि २१ डिसेंबर २०२४ ला पुन्हा आली. त्याआधी जी जाहिरात दाखवली, तिच्यात सीआयडीतला इन्स्पेक्टर अभिजीत त्याच्याच जोडीदारावर, इन्स्पेक्टर दयावर गोळी झाडतो. वीस वर्षं एका ताटात जेवल्यासारखे वागलेले हे दोघे! आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे त्याच्यावर दबाव असेल, कुणी म्हणे हे दोघांनी मिळून रचलेलं नाटक. आठवीतल्या एका मुलीनं जुनी गोष्ट काढली. अभिजीतची स्मृती गेलेली आहे, त्याला स्वतःचंच मागचं आयुष्य नीट आठवत नाही, मग त्या न आठवणाऱ्या भागातूनच कुणीतरी आलं असेल. मला हा तर्क आवडला. पोरीनं बाहेरून काही आणलं नव्हतं, त्याच माणसाच्या आयुष्यातलं उचललं होतं. याउलट एकजण म्हणाला, आदित्य श्रीवास्तव या नटानं अगदी सुरुवातीच्या एका भागात गुन्हेगाराचं काम केलं होतं, म्हणजे अभिजीत मुळातच तसला. काम केल्याची गोष्ट खरी आहे. पण ते पात्र वेगळं, परेश नावाचं. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं, केवळ चेहरा सारखा म्हणून? मी त्याला तिथंच थांबवलं. मालिकेनं पुढं काय उत्तर दिलं ते सांगत नाही, ज्यांना बघायचं आहे त्यांचा रस जाईल.

त्या संध्याकाळी मी गावी वहिनीला फोन लावला. आता तिच्याच घरात सून आली आहे, लाईटही बऱ्यापैकी असते. म्हटलं, "वहिनी, जाहिरात बघितली का? अभिजीतनं का मारली असंल गोळी?"

"बघितली की," ती म्हणाली. "पण नातू मधी उभा होता, नीट दिसलं न्हाई. गोळी मारताना त्याचा हात थरथरत होता का गं?"

मी ती जाहिरात पाच-सहा वेळा बघितली होती, मुलांशी तासभर वाद घातला होता. हाताकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. फोन ठेवला, पुन्हा लावली, आणि या खेपेला फक्त हात बघितला.