जादू येते, पण वापरायची नाही! 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'बद्दल माझं मत

नमस्कार मंडळी! ठाण्यात सकाळपासून धो धो चालू आहे, त्यामुळे मागून पावसाचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजच्या पुस्तकाला तो शोभेलच म्हणा.

[पुस्तक कॅमेऱ्याजवळ धरून]

हे बघा, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. लेखिका अर्सुला के. ले ग्विन, साल १९६८. आणि जाडी बघितलीत? जेमतेम दोनशे पानं. फँटसी म्हटलं की ठोकळ्यांचा अख्खा सेट विकत घ्यावा लागतो अशी आपली समजूत झालीय. एका प्रकाशकाने ले ग्विनबाईंना सांगितलं, जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा. बाईंना प्रश्न पडला की गोष्टींमधले जादूगार कायम पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का? ते पंधरा वर्षांचे असताना काय उद्योग करत असतील? तिथून हे पुस्तक आलं.

तर अर्थसी नावाचं बेटांचं एक जग, आणि त्यात गेड नावाचा एक पोरगा. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखतो. अंगात जादू आहे, आणि त्याहून जास्त मस्ती आहे. ओगियन नावाचा मोठा जादूगार त्याला शिष्य करून घेतो. या ओगियनने एकदा भूकंप शांत केलेला, म्हणजे माणूस साधासुधा नाही. गेडला वाटतं, चला, आता धडाधड मंत्र मिळणार. होतं काय, तर गुरुजी गप्प चालतायत आणि हा मागे मागे. मग पाऊस येतो. त्या जगात गल्लीबोळातला जादूगारसुद्धा एका शब्दात ढग पलीकडे ढकलू शकतो. ओगियन काय करतो? झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. गेड ओल्या झुडपात चरफडत बसतो. शक्ती असून वापरायचीच नसेल, तर तिचं लोणचं घालायचं का? हा त्याचा प्रश्न, शब्द माझे!

मी तिथेच या पुस्तकाच्या प्रेमात पडले. कारण पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या चरफडण्याला दिलेलं उत्तर आहे. एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, हे रोक बेटावरचे गुरू त्याला नंतर समजावतात. पण ऐकतोय कोण?

हो, रोकवर जादूगारांची शाळा आहे. हॅरी पॉटर १९९७ चा, हे त्याच्या एकोणतीस वर्षं आधीचं. कोणी कोणाचं घेतलं या भांडणात मी पडत नाही, कमेंटमध्ये तुम्ही पडालच.

या शाळेत जॅस्पर नावाचा एक मोठ्या घरचा मुलगा आहे. गोड बोलून टोमणे मारणारा. नौपाड्यातल्या कुठल्याही क्लासच्या जिन्यात निकालाच्या दिवशी उभे राहा, असा एक तरी भेटेलच. त्याला दाखवून द्यायचं म्हणून गेड एका रात्री, सगळ्यांसमोर, हजार वर्षांपूर्वी मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो. ती येते. पण जगाला जी फट पडते, तिच्यातून काळं, बिनचेहऱ्याचं काहीतरी बाहेर उडी मारतं आणि गेडचा चेहरा फाडतं. ती फट बुजवताना शाळेचे सर्वात मोठे गुरू जीव गमावतात.

आणि खलनायक म्हणाल तर तो हाच. काळ्या किल्ल्यात बसलेला कोणी दुष्ट सम्राट नाही. आपल्या हिरोने स्वतःच्या फुशारकीपायी जगात सोडलेली एक सावली आहे, आणि ती त्याच्याच मागावर आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे किती लागतं, ते वाचायला देऊन बघा.

एक प्रसंग सांगते. शेवट सांगत नाहीये, घाबरू नका. शिक्षण संपवून गेड एका छोट्या बेटावर जातो. तिथे होड्या बांधणारा एक शेजारी त्याचा मित्र होतो. त्याचं लहान पोर तापाने फणफणतं. गेडला शिकवलेलं असतं की आजार बरा करा, पण जाणाऱ्याला जाऊ द्या. पण दारात मित्र उभा आहे, पोराची आई बघतेय. गेड त्या पोरामागे मृत्यूच्या उतारावर धावत जातो. पोर काही हाती लागत नाही. परत फिरतो तर जिवंत आणि मेलेल्यांच्या मधल्या दगडी कुंपणापाशी ती सावली वाट बघत उभी. इकडे घरात सगळ्यांना वाटतं, हाही गेला. शेवटी त्याला शुद्धीवर कोण आणतं? त्याने पाळलेला ओटाक, एक छोटासा केसाळ प्राणी. तो त्याचं तोंड चाटत बसतो. मंत्र नाही, तंत्र नाही. या दोन पानांसाठी मी ड्रॅगनचं अख्खं प्रकरण द्यायला तयार आहे, आणि ड्रॅगनचं प्रकरणही झकास आहे.

अर्थसीमध्ये जमीन थोडी आणि पाणी फार. गेड एक मोडकी होडी घेऊन, ती जादूने कशीबशी सांधून समुद्रात निघतो, ती पानं चेंदणी कोळीवाड्यात वाचून दाखवावीत असं फार वाटतं. चुका काढतील, पण ऐकतील.

आणखी एक. गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, आणि गावं लुटायला येणारे रानटी लोक गोरे आहेत. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. तरी २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा झालाच, आणि त्यावर बाईंनी जाहीरपणे तोफ डागली. बरं केलं.

आता खटकलेलं. बर्फाळ ओस्किल बेटावरचा भाग मला रेंगाळलेला वाटला. संवाद कमी, भाषा जुन्या गाथांसारखी, त्यामुळे ज्यांचं इंग्रजी वाचन नुकतंच सुरू झालंय त्यांना पहिली तीसेक पानं जड जातील. आईबाबांनो, तेवढी मोठ्याने वाचून दाखवा. आणि बायका! रोकच्या शाळेत एक मुलगी नाही, वर 'बाईची जादू म्हणजे कमकुवत' अशा अर्थाच्या म्हणी. जुना काळ म्हणून मी हे सोडून देणार नाही. खुद्द लेखिकेलाही ते डाचलं असावं, कारण याच मालिकेतल्या १९९० च्या 'तेहानू'मध्ये त्यांनी हाच हिशेब पुन्हा उघडला.

दुसरा भाग मात्र १९७१ मध्येच आला, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन'. त्याची नायिका टेनार, अंधाऱ्या भुयारांची राखण करणारी पुजारीण. गेड तिथे येतो तो चोर म्हणून. तुमच्या घरातली मुलगी पहिल्या भागात रमली नाही, तर सरळ हा द्या. तिथून सुरुवात केली तरी काही अडत नाही.