आकडा ठळक झाला, ‘आकृती’ तशीच राहिली

(पडद्यावर: वर्डमध्ये उघडलेला प्रबंध. नकाशाखालची ओळ मोठी होत जाते.)

‘आकृती १२ : कृष्णा खोऱ्यातील पर्जन्यमान’. गाइडची सूचना एवढीच, की ‘आकृती १२’ ठळक हवं, पुढचं साधं. एका ओळीचं काम कंट्रोल-बीने भागतं. पण प्रबंधात अशा शे-दीडशे ओळी असतात, आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात चार नकाशे वाढतातच.

मग स्टाइल कशाला आहे? वर्डची ‘कॅप्शन’ स्टाइल अख्ख्या परिच्छेदाला लागते. अर्धी ओळ ठळक, अर्धी साधी, हे तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. म्हणून मॅक्रो, म्हणजे वर्डकडून ठरावीक काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम.

(पडद्यावर: ऑल्ट आणि एफ-नाइन. आकड्याच्या जागी महिरपी कंस.)

१२ गेला, त्या जागी कोड आला. ‘रेफरन्सेस’ टॅबमधल्या ‘इन्सर्ट कॅप्शन’ने ओळ घातली, की ‘आकृती’ ही नुसती अक्षरं असतात. आकडा मात्र सीक्वेन्स फील्ड असतो, म्हणजे वर्ड स्वतः मोजून भरतो अशी जागा. मध्येच एखादी आकृती घुसवली, तरी सगळं सिलेक्ट करून एफ-नाइन दाबलं की पुढचे आकडे आपोआप सरकतात.

मॅक्रो याच फील्डचा माग काढतो. फायलीतलं एकेक फील्ड तपासायचं. सीक्वेन्स सापडलं आणि त्या परिच्छेदाची स्टाइल ‘कॅप्शन’ निघाली, की परिच्छेदाच्या सुरुवातीपासून फील्डच्या शेवटापर्यंतचा भाग ठळक करायचा. प्रकरणाचा क्रमांक जोडून ‘आकृती ३.७’ केलं असलं तरी बिघडत नाही, तो ३ही याच भागात येतो. स्टाइलची अट मात्र गाळू नका. समीकरणांचे क्रमांकही बरेचदा याच फील्डने दिलेले असतात, तेही उगाच ठळक होतील.

आणि ज्यांनी ‘आकृती १२’ हातानेच टाइप केलंय? तिथे फील्डच नाही. मॅक्रो त्या ओळी ओलांडून सरळ पुढे जातो. अशा फायली काही कमी नसतात.

(पडद्यावर: मॅक्रो चालतो. ओळ पुन्हा जवळून.)

खरी गोम पुढे आहे. इंग्रजी प्रबंधासाठी लिहिलेल्या मॅक्रोत ठळकपणा चालू करणारी ‘फॉन्ट डॉट बोल्ड’ची एकच ओळ असते. ती मराठी फायलीवर चालवली, की इंग्रजी अंकातला १२ ठळक होतो आणि ‘आकृती’ जैसे थे! कारण वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’मध्ये धरतो आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळा साठवतो. म्हणून ‘बोल्ड-बीआय’ची दुसरी ओळ लागते. फॉन्टसाठी ‘नेम-बीआय’, आकारासाठी ‘साइझ-बीआय’. मायक्रोसॉफ्टच्या माहितीत हे सगळं उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषांसाठी म्हणून नोंदवलंय. मराठी माणूस तिकडे कशाला फिरकेल?

एवढं झालं तरी काम संपत नाही. मजकुरात कुठेतरी ‘आकृती १२ पाहा’ असा क्रॉस-रेफरन्स असतो. फील्ड अपडेट केली की तोही ठळक होऊन बसतो, कारण मूळ ओळीतल्या अक्षरांबरोबर तो त्यांचं रूपही उचलतो. त्या फील्डच्या कोडमध्ये ‘कॅरफॉरमॅट’ हा स्विच, म्हणजे रूपाबद्दलची जादा सूचना, घातला, की कोडचं पहिलं अक्षर जसं असेल तसाच मजकूर दिसतो. हे कामही मॅक्रोलाच सांगावं. दोनशे ठिकाणी हाताने कोण करणार?

(पडद्यावर: फाइल उघडते. वर इशाऱ्याची पट्टी.)

मित्राने मेलवर पाठवलेली मॅक्रोची फाइल मात्र बहुधा चालणार नाही. मार्च १९९९मध्ये ‘मेलिसा’ हा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच ईमेलवर पसरला होता. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. अडचण होते खरी, पण निर्णय योग्यच. त्यापेक्षा कोड नुसता मजकूर म्हणून मागवा, वाचा, ऑल्ट-एफ-इलेव्हन दाबून आपल्या ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आपल्याच संगणकावरच्या वर्डच्या मूळ साच्यात, चिकटवा.

प्रबंध साध्या डॉक्सएक्समध्येच राहतो. गाइडकडे जाणाऱ्या फायलीत कोडचा मागमूस नसतो. आणि नवे चार नकाशे आले, की ऑल्ट-एफ-एट दाबायचं, मॅक्रो पुन्हा चालवायचा.