रिपीट करू का?

[लातूर, उद्योग भवन परिसर. जून. सकाळी साडेआठ.]

निवेदन :
नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आठवडाभरात लातूरच्या उद्योग भवन भागात चालायला जागा उरत नाही. ट्रॅव्हल्समधून गाद्यांच्या वळकट्या उतरतात, बादल्या उतरतात, कुकर उतरतात. पोरं पुढं, आईवडील मागं. विजेच्या खांबांवर 'रूम मिळेल, फक्त मुलींसाठी' असे कागद. त्यांच्या वर फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर गेल्या वर्षी नंबर लागलेल्या पोरांचे चेहरे. प्रत्येकाच्या खाली तीन आकडी गुण. परीक्षेला पुन्हा बसणाऱ्यांची रिपीटर बॅच कोणत्या क्लासची कधी सुरू होते, हे इथल्या रिक्षावाल्याला तोंडपाठ असतं.

[क्लासचं ऑफिस. काउंटर. वडील खिशातून घडी केलेला निकालाचा कागद काढतात.]

"सर, ह्याला एवढे पडलेत. रिपीट केलं तर होईल का?"

काउंटरमागचा माणूस कागदावर नजर टाकतो. "होतंय की. का नाही होणार?"

त्याचं उत्तर कधीही दुसरं नसतं. त्याचा पगारच त्यासाठी आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण वर्षभराचा निर्णय जर या काउंटरवर होणार असेल, तर कठीण आहे.

[गंजगोलाई. सोळा रस्ते एकत्र येतात तो चौक, उंचावरून.]

लातूरला हे सगळं आलं कुठून, ते थोडक्यात. 'लातूर पॅटर्न' हे नाव गाजलं ते दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीमुळे. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात. राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी आली, बोर्डाची यादी बंद झाली, मग २०१६ पासून नीट कायमची आली. पॅटर्न तोच राहिला, परीक्षा बदलत गेली.

मराठवाड्याला डॉक्टरकीचं एवढं वेड का, याचं एक कारण इथल्या शेतात आहे. कोरडवाहू जमीन, आणि २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते शहर. इथं पोरगा डॉक्टर झाला म्हणजे घर त्या चक्रातून सुटलं, असा हिशेब असतो. दुसरं कारण प्रवेशाच्या नियमात होतं. २०२० पर्यंत राज्यात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी, त्यामुळे इथल्या मुलाला बाहेरच्या मुलापेक्षा जास्त गुण असूनही घरी बसावं लागायचं. सप्टेंबर २०२० मध्ये तो कोटा रद्द झाला. त्यानंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली अशी नवी सरकारी कॉलेजंही आली. २०२४ च्या ऑक्टोबरात तर राज्यात एकाच दिवशी दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं. म्हणजे दादाच्या वेळचा अनुभव धाकट्याला लावायचा नाही. काकांचा तर मुळीच नाही.

[निकालाचा कागद, जवळून.]

आता हा कागद बघू. एकूण गुण ७२०. प्रश्न १८०. नव्वद जीवशास्त्राचे, पंचेचाळीस भौतिकशास्त्राचे, पंचेचाळीस रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा.

घरी पहिला प्रश्न येतो तो गुणांचा. शेजारच्याला किती, गेल्या वर्षी कितीला लागला होता. ही तुलना किती फसवी असते याचा पुरावा ताजा आहे. २०२४ मध्ये ६०० गुण मिळवलेल्या मुलाचा देशातला क्रमांक ऐंशी हजारांच्या घरात गेला. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला, भौतिकशास्त्रानं भल्याभल्यांना रडवलं, आणि तेवढेच ६०० गुण मिळवणारा दीड हजाराच्या आत आला. पहिला आलेल्याला ७२० पैकी ६८६ होते. २०२४ ला ६०० वाल्याच्या घरी सुतक, २०२५ ला पेढे.

म्हणून गुण बाजूला ठेवा, ऑल इंडिया रँक आणि राज्याच्या यादीतला क्रमांक बघा. 'क्वालिफाय झालाय' या शब्दावरही फार जाऊ नका. २०२५ ला बावीस लाखांवर मुलं बसली, बारा लाखांवर पात्र ठरली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. खुल्या गटाची पात्रता त्या वर्षी १४४ गुणांवर होती. १४४ वर पात्र ठरता येतं, सरकारी एमबीबीएसची सीट मिळत नाही.

[रूम. पलंगावर प्रश्नपत्रिका, ओएमआरची (गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रिंट, पेन्सिल.]

पण रँकसुद्धा एवढंच सांगते की यंदा काय झालं. पुढच्या वर्षी काय होऊ शकतं, ते या दुसऱ्या कागदावर आहे, आणि तो बहुतेक घरांत कुणी उघडतच नाही. परीक्षा घेणारी एनटीए प्रत्येकाला ओएमआरची स्कॅन प्रत देते. उत्तरतालिकाही प्रसिद्ध होते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर दोनशे रुपये भरून त्याला आव्हान देता येतं. त्या दोनशे रुपयांची चर्चा घराघरांत होते. पण तीच तालिका समोर ठेवून आपल्या चुका वेगळ्या काढणारं पोरगं शंभरात एखादं.

हिशेबासाठी एक नमुना धरू. १८० पैकी १६५ सोडवले. १२५ बरोबर, ४० चूक. पाचशे वजा चाळीस, चारशे साठ. आता त्या चाळीस चुकांसमोर पेन्सिलीनं खुणा करायच्या. जिथं येत होतं पण घाई झाली, गणितात दशांश सरकला, 'अयोग्य विधान ओळखा' असं असताना योग्य विधानाचा गोल भरला, तिथं एक खूण. जिथं निव्वळ ठोकून दिलं, तिथं दुसरी. आणि जिथं धडाच कळलेला नाही, तिथं तिसरी.

समजा, पहिल्या खुणा पंधरा निघाल्या, दुसऱ्या बारा, तिसऱ्या तेरा. घाईतली प्रत्येक चूक पाच गुणांची असते, कारण चार मिळत नाहीत आणि एक जातो. पंधरा पंचे पंच्याहत्तर. ठोकलेले बारा सोडून दिले असते तर बारा गुण वाचले असते. म्हणजे नवा धडा एकही न शिकता ५४७. सगळ्या चुका कुणाच्याच टळत नाहीत, हे धरूनही या मुलाच्या हातात बरंच काही आहे. त्यानं जरूर बसावं.

आता तेवढेच ४६० गुण असलेला दुसरा मुलगा धरा. त्याच्या चाळीसपैकी तीस खुणा तिसऱ्या प्रकारच्या. भौतिकशास्त्रात अकरावीची गतिकी कच्ची, म्हणून परिवलन कच्चं, म्हणून बारावीचं दोलनही कच्चं. याला रिपीटर बॅच उपयोगाची नाही असं मी म्हणणार नाही. पण ती बॅच पहिल्या दिवसापासून पळत असते, आणि याला दोन वर्षं मागं जाऊन पाया घालायचाय. हे आधी कळलं तर तो शिकवणारा माणूस शोधेल. नाहीतर फ्लेक्स बघून क्लास निवडेल आणि पुढच्या जूनमध्ये याच रस्त्यावर पुन्हा उभा असेल. रिपीट करून गुण वाढत नाहीत अशी ओरड करणाऱ्यांत या दुसऱ्या मुलाचे बाप जास्त असतात.

[अभ्यासिका. रात्र. ओळीनं टेबलं, प्रत्येकावर एक दिवा.]

'एक वर्ष' म्हणतात, पण ते वर्ष नसतं. बॅच जून-जुलैत सुरू होते, परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात. दहा महिने. त्यात दिवाळी, एखादं आजारपण, घरचं लग्न. बोर्डाची परीक्षा, प्रॅक्टिकल, कॉलेजची हजेरी यांतून सुटका झालेली असते, हा मोठा फायदा. तोटा असा की दिवसाला आकार देणारं काही उरत नाही. मित्र कॉलेजात गेलेले. त्यांच्या स्टेटसला फ्रेशर्स पार्टी, याच्या टेबलावर तेच एनसीईआरटी, तेच पान, त्याच पिवळ्या रेघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्यांदा वाटतं की आपल्याला हे सगळं येतं. टेस्टमध्ये मात्र गुण गेल्या वर्षीएवढेच. बरीचशी पोरं मनानं इथंच खचतात. 'काय रे, झालं का ॲडमिशन?' या प्रश्नाला टाळायला गावाकडं जाणं बंद करतात. पोरगं सणाला येत नाही म्हणजे खूप अभ्यास करतंय, असं घरच्यांनी समजू नये. कुणाशी बोलावंसं वाटलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर बोलली जात नाही. मुलाला दुसरं वर्ष सहज मिळतं, तिसरंही मिळतं. मुलीच्या बाबतीत 'बीएएमएस घे आता, वय वाढतंय' हे वाक्य पहिल्याच निकालाला येतं. तिची रँक भावापेक्षा चांगली असली तरी येतं. बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, वाईट म्हणून हे सांगत नाही. पण ज्या घरात ओएमआर बघितलीच नाही, त्या घरात हा निर्णय चुकांच्या खुणांवर झालेला नाही, एवढं नक्की.

[सायबर कॅफे. कॅप (सरकारची सामायिक प्रवेश प्रक्रिया) फेरीचा पसंतीक्रम भरताना.]

नियमांचं पटकन सांगून टाकतो. नीटला कितीदा बसायचं याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढली. इंजिनिअरिंगला तसं नाही. आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच संधी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या तीन केल्या आणि तेरा दिवसांत पुन्हा दोनवर आणल्या. मधल्या दिवसांत भरवशावर कॉलेज सोडलेल्या मुलांना सुप्रीम कोर्टातून दिलासा घ्यावा लागला. नीटमध्ये असा घोळ नाही. पण मर्यादा नाही म्हणूनच थांबायचं कधी, हे कुठलाच नियम सांगत नाही.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. बारावी झाल्यावर रिपीटसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात गेलात तर या हक्काला धक्का लागत नाही; अकरावी-बारावीच तिकडं केली तर लागतो. गॅपचं प्रतिज्ञापत्र, नॉन-क्रीमिलेअर, जात पडताळणी हे कागद रिकाम्या महिन्यांतच करून ठेवावेत. ऐन कॅपच्या वेळी सेतूच्या रांगेत उभं राहायला लागलं की अभ्यास राहतो आणि कागदही राहतो.

खरी कोंडी वेळापत्रकाची आहे. रिपीटर बॅचची फी जूनमध्ये भरा म्हणतात, आणि कॅपच्या फेऱ्या पुढं कित्येक महिने चालतात. एमबीबीएस, बीडीएस आधी, मग आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी. म्हणजे आपल्याला काय मिळणार होतं हे कळायच्या आधीच ते नाकारून पैसे भरलेले असतात. माझं मत विचाराल तर कॅपचा अर्ज भरावाच, मग रिपीटचा विचार पक्का असो वा नसो. नाकारायचंच असेल तर हातात आलेलं नाकारावं. हप्त्यानं फी घेणारे क्लास लातूरात आहेत. विचारलं तर सांगतात, न विचारता सांगत नाहीत.

आणि सीट घेऊन, कॉलेज करता करता तयारी करू, हा मधला मार्ग? बीएस्सीला नाव घालून काहीजण करतात, निभतं. बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला संस्कृत, शरीररचना आणि विच्छेदन सांभाळून नीटचं भौतिकशास्त्र करणं, हे बोलायला सोपं आहे. शिवाय प्रवेश घेऊन सीट सोडताना फीचं आणि दंडाचं काय, हे माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

[भाड्याची खोली. आई, वडील, मुलगी. जमिनीवर पेपर पसरलेले.]

या खोलीत तिघंजण तासभर बसलेत. मुलीनं प्रश्नपत्रिकेवर खुणा करून आणल्यात. पहिल्या खुणा जास्त आहेत, बहुतेक रसायनशास्त्रात. वडिलांना त्यातलं फारसं कळत नाही, पण ते बोटानं खुणा मोजतात, मध्येच चुकतात, पुन्हा मोजतात.

आई विचारते, "आन् पुढच्या साली बी नाही झालं तर गं?"

"मग फिजिओ, नाहीतर नर्सिंगची सीईटी. तिसऱ्यांदा नाही बसणार. वहीच्या मागं लिहून ठेवलंय मम्मी, तुझी सही घेते हवं तर."

"सही कशाला," आई म्हणते.

"राहू दे, घे सही," वडील म्हणतात, आणि मेसचा महिन्याचा दर विचारायला उठतात.