टिपरमधून आलेला कोळी

(दृश्य : पावसाळी सकाळ. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं घर, चिऱ्यांचा नवा गडगा, मागे भरावाची लाल माती.)

वाळपईच्या अलीकडचं हे घर. गेल्या वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मागच्या अंगणात भराव घातला. चार टिपर माती लागली. तिसऱ्या टिपरची माती ओढताना फावडं एका ढेकळावर बसलं, ढेकूळ फुटलं आणि आतून हा बाहेर आला. तळहाताएवढा, केसाळ, आठही पाय अंगाशी ओढून घेतलेला. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा धावत आत गेला आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आला.

त्याला सव्वा वर्ष झालं. कोळी याच घरात आहे. आजीची एकच अट होती, देवघराच्या खोलीत तो नको.

(दृश्य : बरणी, जवळून. तळाला ओला कापूस. कोळी काचेवर चढतो, घसरतो.)

हे चित्रीकरण मुलानं पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर केलेलं आहे. बघा, कोळी सारखा काचेवर चढतोय. हौसेनं खेळतोय असं वाटेल, पण खाली अंग लपवायला जागाच नाही म्हणून तो चढतोय. कोळ्याचं पोट पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं नाजूक असतं. हातभर उंचीवरून पडला तरी ते फुटू शकतं. म्हणून उंच बरणी वाईट, आणि हातावर घेणं त्याहून वाईट.

पण मग त्याला हवं तरी काय? झाडाची साल, की खोल माती? याचं उत्तर हवं तर आधी हा कोण ते कळायला हवं.

(दृश्य : मोबाइलवर फोटो सरकताहेत.)

मुलानं फोटो काढले, चार जणांना दाखवले, चार नावं आली. रंगावरून नाव सांगणं इथे चालत नाही. हाच कोळी कात टाकायच्या आधी मळकट तपकिरी दिसतो, टाकल्यावर उन्हात जांभळट चमकतो.

आपल्या पश्चिम घाटात टॅरँट्युला, म्हणजे हे मोठे केसाळ कोळी, दोन तऱ्हांनी राहतात. काही झाडांच्या ढोलीत, काही जमिनीतल्या बिळात. ढोलीतल्यांपैकी पीसिलोथेरिया रेगॅलिस ओळखायला त्यातल्या त्यात सोपा. पुढचे पाय उचलले की खालून पिवळ्याधमक पट्ट्या दिसतात. आता हा बघा.

(दृश्य : पेन्सिलीचं टोक. कोळी पुढचे पाय उंच उचलतो. आवाज तसाच ठेवावा, निवेदन थांबवावं.)

खालून पिवळं काही नाही. पण ऐकलंत? कोरड्या पानावर नख ओढावं तसा तो आवाज. हा कोळ्यानंच काढलेला आहे. तोंडाजवळच्या दोन अवयवांवर राठ केस असतात, ते एकमेकांवर घासून. इशारा आहे तो. आपल्याकडच्या कोळ्यांना अमेरिकेतल्या टॅरँट्युलांसारखे खाजरे केस पोटावरून उडवता येत नाहीत. त्यांच्याकडे हा आवाज आहे, आणि त्यानंतर दंश. माणूस मरत नाही, पण वेदना आणि स्नायूंचे पेटके हे हसण्यावारी न्यायचं दुखणं नाही. त्यानंतर पेन्सिल पुन्हा आत गेली नाही.

(दृश्य : रात्र. लाल उजेड. कोळी पाठीवर पडलेला. वेग वाढवलेलं चित्रण.)

ही रात्र यंदाच्या जूनमधली. पाठीवर उताणा पडलेला कोळी बघून घरच्यांना वाटलं, गेला. मेलेला कोळी असा पडत नाही. तो सरळ बसतो आणि पाय पोटाखाली मुडपून घेतो, कारण पाय ताणायला त्याच्याकडे आतल्या द्रवाचा दाबच लागतो. उताणा पडला, तर तो कात टाकतोय. अशा वेळी डबा हलवायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही, आणि खायला टाकलेला एखादा रातकिडा आत राहिला असेल तर तो आधीच काढून घ्यायला हवा होता. कोवळ्या अंगाच्या कोळ्याला रातकिडासुद्धा कुरतडतो.

बघा, पाय कसे बाहेर येताहेत. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे, एकेक.

(दृश्य : नवे विषदंत, पांढरे.)

दात पांढरे आहेत. ते काळे होईपर्यंत उपास. दहा-बारा दिवस लागतात.

(दृश्य : बशीत कात. पाण्याचा थेंब. कुंचला.)

आणि ही टाकलेली कात म्हणजे या कोळ्याचं ओळखपत्र. पोटाचा भाग कांद्याच्या पापुद्र्यासारखा चुरगळलेला असतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, कात भिजू द्यायची, मग मऊ कुंचल्यानं उलगडायची. घाई केली की फाटते. इथे एका बाजूनं फाटलीही.

फुप्फुसांच्या चार पांढऱ्या चकत्या दिसतात. वरच्या दोन चकत्यांच्या मधोमध भिंगाखाली एक बारीकशी घडी उभी आहे. मादीनं नराचं वीर्य साठवायची ती जागा. म्हणजे हा ‘तो’ नव्हेच. ही मादी आहे, आणि नीट सांभाळली तर दहा-बारा वर्षं सहज जगेल.

तोंडाजवळच्या तुकड्यावर वल्ह्यासारख्या चपट्या केसांची रांग सापडली. मघाचा आवाज इथून येत होता. अशी रांग आणि जमिनीत राहण्याची सवय मिळून गट ठरतो, चिलोब्रॅकिस. पोटावरचे गडद आडवे पट्टे बघता चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस असावी असं वाटतं. पण जात पक्की करायला ती घडी पूर्ण हवी होती, आणि कात तिथेच फाटली. पुढच्या कातीपर्यंत नाव अर्धंच.

(दृश्य : नकाशा. गुत्ती, नंद्याल, गिद्दलूर.)

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश अभ्यासकानं 1899 साली आपल्याकडच्या अनेक टॅरँट्युलांना नावं दिली, फिम्ब्रिएटसलाही त्यानंच. त्याच वर्षी त्यानं एका निळ्याशार कोळ्याचं वर्णन केलं, पीसिलोथेरिया मेटॅलिका. तो सापडला होता आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत. लाकडांबरोबर गाडीतून आलेला असावा. नाव मिळालं, वर्णन छापलं गेलं, पण त्याचं जंगल कुठलं हे कुणी लिहिलेलं नव्हतं. ते कळायला 2001 उजाडलं. नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा दिसला, 102 वर्षांनी. आज त्याचं रान इतकं लहान उरलंय की तो नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर मानला जातो.

आपलीही अशीच आली आहे. रेल्वेऐवजी टिपरमधून.

(दृश्य : नवा डबा भरताना हात.)

गट कळला तसं घर बदललं. रुंद, ठेंगणा डबा. वीतभर माती आणि काथ्याचा भुसा, हातानं घट्ट दाबलेला, नाहीतर बीळ ढासळतं. बाजूला नारळाची अर्धी करवंटी. बाटलीच्या झाकणात पाणी. हवेची भोकं बाजूंना. रोज पाणी फवारायची सवय मोडली. गोव्याच्या पावसाळ्यात हवाच एवढी ओली असते की वरून शिंपडलं की बुरशी धरते. एक कोपरा ओला, बाकी कोरडं. तिसऱ्या रात्री तिनं करवंटीखाली बीळ काढलं आणि तोंडाशी पांढरं जाळं अंथरलं.

(दृश्य : कुळागर. पोफळीवर फवारणी.)

खायला आठ-दहा दिवसांनी एक रातकिडा. पण कुळागरातला नाही. कोळेरोग या बुरशीच्या रोगासाठी तिथल्या पोफळींवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, मारलेलं असतं, आणि फवारलेल्या बागेतला किडा तिच्या पोटात जाता कामा नये.

कायद्याचं थोडक्यात. आपली त्या गटातली नाही, पण पीसिलोथेरिया गटातले सगळे कोळी 2019 पासून सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, 2022 च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि नोंदणीशिवाय घरात ठेवता येत नाहीत. अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही.

(दृश्य : कापलेली टेकडी. उघडी लाल भिंत, वर झाडांची मुळं लोंबताहेत. निवेदन नाही.)

(दृश्य : मुलगा फोनवर. मग डब्यावर चिठ्ठी लिहितो.)

तिला परत सोडावं असं या घरात सगळ्यांनाच वाटतं, आजीलासुद्धा. मुलानं टिपरवाल्याचा नंबर शोधून फोन लावला. त्या आठवड्यात माती दोन टेकड्यांवरून आली होती. तिसरा टिपर कुठला, ते त्याला आठवत नाही.

डब्यावरची चिठ्ठी आता अशी आहे. चिलोब्रॅकिस, मादी. सापडल्याची तारीख. आणि जागा या शब्दापुढे दोन टेकड्यांची नावं, मध्ये ‘किंवा’.