डोहाला हात न लावता

मंडळी, काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक काकू माझ्याकडे आल्या. सुईत दोरा ओवायला घेतला की दोन सुया दिसतात, एवढीच तक्रार. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. मी त्यांना मान न हलवता माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं, तर डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेचना. एमआरआय केला. डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला आवळ्याएवढा फुगा आला होता आणि डोळा फिरवणारी नस त्याखाली दबली होती.

या फुग्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या मेंदूत तो असतो आणि बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून घाबरू नका. लहान फुग्यावर बरेचदा फक्त लक्ष ठेवलं तरी पुरतं. मात्र डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं एका क्षणात दुखू लागलं, तर घरी गोळी घेऊन झोपू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. फुटलेला फुगा जिवावर बेततो.

1937 साली बाल्टिमोरमध्ये मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेला, म्हणजे अरुंद बुंध्याला, पहिल्यांदा क्लिप लावली. 1990च्या सुमारास डॉ. गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये धमनीच्या आतून जाऊन प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी फुग्यात भरायला सुरुवात केली. हे दोन्ही उपचार आजही उत्तम आहेत. पण काकूंच्या फुग्याला मानच नव्हती, तोंड रुंद होतं. अशा ठिकाणी वेटोळी बाहेर घसरतात, नाहीतर कालांतराने दबून फुगा पुन्हा भरतो.

नदीच्या वळणावर काठ खचून डोह झालेला तुम्ही पाहिला असेल. पाणी आत शिरतं, भोवरा धरतं आणि काठ आणखी खातं. काकूंसाठी आम्ही निवडला तो फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताची धार वळवणारी जाळी, त्या डोहाला हातच लावत नाही. तो मूळ पात्रात बसतो. ही बारीक तारांची, काही प्रकारांत 48 तारांची, विणलेली नळी असते. भिंतीचा जेमतेम तिसरा हिस्सा धातू, बाकी भोकं. पण तेवढ्यानेही फुग्यात शिरणारी धार मोडते. आतलं रक्त मंदावतं, साकळतं. मग जाळीवर धमनीचं स्वतःचं अस्तर चढतं आणि फुग्याचं तोंड कायमचं मिटतं. हे काम आम्ही करत नाही, शरीर करतं.

मग याच जाळीखाली डोळ्याला रक्त देणारी शाखा आली तर? ती बहुतेक वेळा उघडी राहते. शाखेच्या पुढे रक्त ओढून घेणारा अवयव असतो, म्हणून भोकांतूनही धार चालू राहते. फुग्याच्या पुढे वाटच नसते. मला या उपचारातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

प्रत्यक्ष काम जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून होतं. ताणून बसवलेली जाळी उघडताना आखूड होते, जवळपास निम्मी. ती नुसती सोडून चालत नाही. हळूच ढकलायची, थोडी ओढायची, वळणावर भिंतीला चिकटली का ते पडद्यावर बघायचं. काकूंच्या वेळी शेवटी डाय, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर दिसणारा द्रव, सोडला, तेव्हा धमनीतला डाय वाहून गेला आणि फुग्याच्या तळाशी काळी चंद्रकोर रेंगाळत राहिली. तिथे आम्ही थांबलो.

अमेरिकेत 2011 साली या उपचाराला मान्यता मिळाली, ती 108 रुग्णांच्या अभ्यासावर. सहा महिन्यांनी सुमारे 74 टक्के फुगे बंद झाले होते. पाच वर्षांनी ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातले 95 टक्के. पण त्याच अभ्यासात साडेपाच टक्क्यांच्या आसपास लोकांना मोठा स्ट्रोक किंवा मृत्यू आला. सही करण्याआधी हा आकडा डॉक्टरांना जरूर विचारा.

आता गोळ्या. अस्तर चढेपर्यंत जाळी म्हणजे रक्तात उघडा पडलेला धातू. त्यावर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधीपासूनच सुरू करतात. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला लागतं, आणि आपल्याकडे अनेकांमध्ये जनुकीय कारणाने ते पुरेसं लागू पडत नाही. म्हणून रक्ताची चाचणी करून गरज पडल्यास औषध बदलतो. माझ्या एका रुग्णाने दाढ काढायची म्हणून दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या. पाचव्या दिवशी उजवा हात लुळा पडला. त्यांनी आधी फोन केला असता तर दाढ काही महिने थांबवता आली असती. हे मला आजही सलतं.

काकूंचा फुगा सहा महिन्यांनी थोडा उरला होता, वर्षाने पूर्ण बंद झाला. डोळा त्याआधीच वळू लागला होता. तपासणीला येताना त्यांनी मापांची वही आणली. गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या मापांखाली रोज दोन बारीक खुणा होत्या, एकेका गोळीची एकेक. मी पानं उलटत गेलो. एकही दिवस सुटला नव्हता.