किनाऱ्याची वाट आणि खारे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्र एका हाताला ठेवून दिवसेंदिवस चालत राहण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना पाठीवरचे सर्वांत जड सामान कोणते असे विचारले, तर ते एकच उत्तर देतात, आणि ते म्हणजे पाणी. एका लिटरचे वजन एक किलो भरते, आणि उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्याला दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज लागते. मग मनात येते की, एवढे वाहून नेण्यापेक्षा शेजारी पसरलेल्या पाण्यातलेच थोडे पिण्याजोगे करून घेता येणार नाही का? करून घेता येते. परंतु त्यासाठी काय मोजावे लागते, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके दाट मीठ मूत्रावाटे बाहेर टाकू शकत नाहीत; त्यामुळे ते धुऊन काढण्यासाठी, प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी शरीराला पदरचे खर्च करावे लागते. तहानेने व्याकूळ होऊन समुद्राचे पाणी पिणारा माणूस म्हणूनच आधीपेक्षा अधिक कोरडा पडतो.

आता गाळणीविषयी. भटकंतीसाठी जी पाण्याची गाळणी मिळते, तिने मीठ जात नाही. पुन्हा सांगतो, गाळणीने मीठ जात नाही. तिची छिद्रे जंतूंना अडवण्याइतकी बारीक असली, तरी विरघळलेल्या मिठाचे कण त्या छिद्रांच्याही शेकडो पटींनी लहान असतात. क्लोरीनच्या गोळ्या आणि अतिनील किरणांचा दिवा हे जंतू मारतात, मिठाला हात लावत नाहीत. आणि नुसते उकळले, तर पाणी उडून जाते आणि मागे उरलेले अधिकच खारट होते. (सामान हलके करण्याच्या हौसेपायी दात घासण्याच्या ब्रशाची दांडी अर्धी कापणारे आणि त्याच हिशेबाने पाण्याची एक बाटली घरी ठेवणारे वीर मी पाहिले आहेत. त्या दांडीविषयी माझी काही तक्रार नाही.)

खाऱ्या पाण्यातून मीठ काढायचे नसते, तर मिठातून पाणी काढून घ्यायचे असते, आणि त्याचे दोनच मार्ग चालणाऱ्याच्या आवाक्यातले आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्रचंड दाबाने पाणी पडद्यातून ढकलणे, जे आपल्या घरातले आरओ यंत्र करते. मात्र समुद्राच्या पाण्यासाठी हवेच्या दाबाच्या सत्तावीस पटींहून अधिक दाब लागतो. हाताने दाबण्याचा असा लहान पंप मिळतो. त्याचे वजन किलोभराहून थोडे अधिक असते, आणि तासभर हात न थांबवता चालवला, तर सुमारे एक लिटर पाणी मिळते. दुसरा मार्ग वाफेचा. पाण्याची वाफ होते, मीठ खाली राहते, आणि वाफ थंड केली की गोडे पाणी हाती लागते.

या दुसऱ्या मार्गाची एक हकिगत मला अतिशय प्रिय आहे आणि संधी मिळेल तेथे ती मी सांगतो. ती चालणाऱ्याची नसून तरंगणाऱ्याची आहे, परंतु वाफेचे पाणी किती सावकाश जमते, हे तिच्याइतके स्पष्ट करून सांगणारी दुसरी हकिगत मला माहीत नाही.

स्टीव्हन कॅलहन नावाचे अमेरिकन नौकारचनाकार १९८२च्या जानेवारीअखेरीस, स्वतः बांधलेल्या जेमतेम साडेसहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून, कॅनरी बेटांवरून एकटेच अटलांटिक ओलांडायला निघाले. काही दिवसांतच, रात्रीच्या वादळात, नौकेला कशाची तरी जबर धडक बसली. तो देवमासा असावा, असे त्यांना वाटले. नौका पाण्याने भरू लागली. रबरी तराफा फुगवून ते त्यावर उतरले खरे, पण आणीबाणीच्या सामानाची पिशवी आत राहिली होती, म्हणून बुडत्या नौकेत बुडी मारून त्यांनी ती बाहेर काढली. त्यांच्या सामानात उन्हावर चालणारी, पाणी गोडे करण्याची फुगवायची यंत्रे होती. या जातीचे यंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मारिया टेल्केस या हंगेरीत जन्मलेल्या वैज्ञानिक बाईंनी तराफ्यांसाठी घडवले होते. पारदर्शक प्लास्टिकचा एक फुगा, त्याच्या आत काळे कापड. वरून समुद्राचे पाणी त्या कापडावर थेंबथेंब झिरपते, उन्हाने तापून त्याची वाफ होते, ती प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दवासारखी धरते आणि ओघळून खालच्या पिशवीत उतरते.

कागदावर हे सोपे दिसते. हेलकावणाऱ्या तराफ्यावर मात्र फुगा थोडा जरी मऊ पडला, तरी ओले कापड प्लास्टिकला चिकटते आणि गोड्या पाण्यात खारे मिसळते. कॅलहन यांना पहिल्या दिवसांत मिळालेले पाणी पिण्याजोगे नव्हते. तेव्हा त्यांनी धाडसाचा, किंबहुना माझ्या मते फार शहाणपणाचा निर्णय घेतला : एक यंत्र कापून उघडले आणि त्याची आतली रचना नीट समजून घेतली. उरलेल्या दोन यंत्रांकडून काम करून घेणे त्यानंतर त्यांना साधले. दिवसभर फुग्यात हवा भरायची, वरचे खारे पाणी संपू द्यायचे नाही, खालची पिशवी वेळच्या वेळी रिकामी करायची, आणि पाऊस आला तर तोही धरायचा. एवढ्या राबण्याचे फळ किती? ही यंत्रे आणि पाऊस मिळून, दिवसाला सरासरी अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी. अर्धा लिटर, श्रोतेहो! तेवढ्यावर आणि भाल्याने मारलेल्या माशांवर त्यांनी ७६ दिवस काढले. त्यांचे वजन एक-तृतीयांशाने घटले.

शेवटी कॅरिबियन समुद्रात, ग्वादलूपजवळच्या मारी-गालांत बेटानजीक, तराफ्याभोवतीच्या माशांवर घिरट्या घालणारे पक्षी पाहून काही कोळी तेथे आले. या प्रसंगी कॅलहन यांनी त्यांना काय सांगितले असेल? माझ्याजवळ पाणी आहे, मी थांबू शकतो, तुम्ही आधी तुमची मासेमारी उरका. थेंबथेंब साठवलेले पाणी त्यांच्यापाशी खरोखरच शिल्लक होते, आणि कोळी मासे धरत असताना ते त्यांनी निवांतपणे पिऊन टाकले.

मात्र तो माणूस बसून होता. चालणाऱ्याचे अर्ध्या लिटरवर भागत नाही आणि फुगा पाठीवर घेऊन चालता येत नाही. म्हणून त्याला उन्हाऐवजी चुलीकडे वळावे लागते. मोठ्या पातेल्यात दोन-तीन बोटे समुद्राचे पाणी घ्यावे, मधोमध धातूचा पेला ठेवून तो हलू नये म्हणून त्यात स्वच्छ दगड टाकावा, आणि मूठ खाली येईल असे झाकण उलटे ठेवावे. झाकणाच्या खोलगट भागात थंड समुद्राचे पाणी ओतून ते कोमट होताच बदलावे, कारण वाफ पाणी होताना घेतलेली सगळी उष्णता झाकणाला परत देते. आच मंद ठेवावी. खळखळून उकळले की खारे शिंतोडे पेल्यात उडतात. थेंब मुठीच्या टोकाशी जमतो, फुगतो आणि पेल्यात पडतो. पातेले कोरडे पडू देऊ नये. चौथा भाग उरला की ते पाणी फेकून नवे घ्यावे. पाणी बंदरापासून आणि तेलाच्या तवंगापासून लांबचे असावे, कारण पेट्रोलासारखे पदार्थ वाफेबरोबर चढून पेल्यातही येतात.

इंधनाचा हिशेब मात्र कडक आहे. उकळलेल्या पाण्याची वाफ करायला, गार पाण्याला उकळी आणण्यासाठी लागते त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता लागते. भटकंतीच्या शेगडीची २३० ग्रॅम गॅसची डबी, अर्धी उष्णता वाऱ्यावर जाते असे धरले तर, जेमतेम दोन लिटर पाणी देते. सातपट उष्णता, दोन लिटर पाणी. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पाण्याची शेवटची बाटली भरलेली असतानाच शेगडी पेटवावी, ती रिकामी झाल्यावर नव्हे.

त्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे, वाळूच्या टेकड्यांखाली मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भरतीच्या रेषेपासून बऱ्याच आत, टेकड्यांच्या मागच्या सखल भागात खड्डा खणावा आणि ओल सुटून पाणी पाझरू लागताच थांबावे, कारण आणखी खोल गेले की खारे पाणी वर येते. वरवरचे पाणी वाटीने अलगद काढून जिभेला लावावे. खारट लागले तर आणखी आत जाऊन खणावे, आणि गोडे लागले तरी जंतूंसाठी एकदा खळखळून उकळूनच प्यावे.